सिद्धगडाच्या ओढ्यातील मासा आणि पाषाणातील मासा : डॉ. सुंदरलाल होरा यांच्या संशोधनाचा परिचय

मत्स्यशास्त्र म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे होड्या, जाळी आणि बाजार ही चित्रे उभी राहतात. परंतु ह्या शास्त्राची एक शाखा अशी आहे की, तिच्या अभ्यासकाला मासा हा केवळ पुरावा म्हणून हवा असतो. मासा जमिनीवरून चालत जात नाही. म्हणून जेथे मासा आढळला तेथे पाणी होते, आणि दोन दूरच्या खोऱ्यांत एकाच जातीचे गोड्या पाण्यातील मासे आढळले तर त्या खोऱ्यांच्या पाण्याचा केव्हा तरी संबंध आला होता, अशी दोन अनुमाने ह्या शाखेच्या मुळाशी आहेत. दिसावयास ती अगदी सरळ आहेत. तथापि त्यांच्या आधारे पृथ्वीचा इतिहास लिहावयास बसले की ती किती जपून वापरावी लागतात, हे डॉ. सुंदरलाल होरा (१८९६–१९५५) यांच्या संशोधनकार्यावरून जसे कळते तसे क्वचितच दुसऱ्या कोणाच्या कार्यावरून कळेल. होरा यांनी जिवंत मासे, अश्मीभूत मासे आणि प्राचीन ग्रंथांतील मासे अशा तिन्ही प्रकारच्या पुराव्यांवर काम केले. त्या कार्याचा परिचय आपल्या परिसरातील एका प्रश्नाच्या अनुषंगाने करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सिद्धगडाचा प्रश्न

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्याच्या पूर्व सीमेवर, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून सिद्धगड उभा आहे. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना ह्या गडाच्या परिसरात वीरमरण आले, त्यामुळे हे नाव महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र हा गड निराळ्या कारणाने महत्त्वाचा वाटावा. पायथ्यापासून माथ्यापर्यंत तो लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा बनलेला आहे. ह्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे दख्खन ट्रॅपचे, बहुतेक थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, भूशास्त्रीय मानाने पाहता अल्प काळात साचले. गडाच्या परिसरातील पश्चिमवाहिनी ओढे उल्हास नदीच्या खोऱ्यात उतरून अरबी समुद्राला मिळतात. आणि ह्याच धारेच्या पूर्व अंगावर पडलेला पाऊस भीमा आणि कृष्णा यांच्या मार्गाने बंगालच्या उपसागराकडे जातो.

पावसाळ्यात ह्या उतारांवरील पाण्याला विलक्षण वेग असतो. तरीही सह्याद्रीच्या अशा ओढ्यांत मासे राहतात. बोटाएवढ्या लांबीचे, चपट्या पोटाचे आणि खडकाला चिकटून राहणारे हे मासे बाजारात येत नाहीत. ह्या माशांचे पूर्वज येथे कोठून आले? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो; परंतु लाव्हारसाची गोष्ट ध्यानात घेतली की त्याचे गांभीर्य कळते. जो खडक फोडून आजचे ओढे वाहतात तो खडकच एके काळी तप्त रस होता. त्याने पूर्वीच्या नद्या, तळी आणि दऱ्या गाडून टाकल्या. तेव्हा आजच्या ओढ्यांतील माशांचे पूर्वज लाव्हारसाच्या कालखंडानंतर बाहेरून आले असले पाहिजेत, किंवा लाव्हारसाच्या आक्रमणातून वाचलेल्या दूरच्या एखाद्या भागातून पसरले असले पाहिजेत. ह्या दोहोंपैकी खरे काय हे ठरविण्यासाठी दोन गोष्टी ठाऊक हव्यात : लाव्हारसापूर्वी आणि त्याच्या मधल्या काळात येथे कोणते मासे होते, आणि आजचे मासे कोणाचे नातलग आहेत. होरा यांनी ह्या दोन्ही दिशांनी शोध घेतला.

लाव्हारसाखालील आणि लाव्हारसामधील पाणी

महाराष्ट्रातील अश्मीभूत माशांचा अभ्यास होरा यांच्या पूर्वीच सुरू झाला होता. कर्नल विल्यम साइक्स हे नाव ह्या संदर्भात आवर्जून सांगितले पाहिजे. दख्खनमधील गोड्या पाण्यातील माशांचे वर्णन त्यांनी १८३९ साली प्रसिद्ध केले आणि अनेक जातींना शास्त्रीय नावे देताना येथील लोकांच्या तोंडची नावेच लॅटिन नामावलीत दाखल केली. शिंगटी आणि मळ्या ही आपली नावे त्यामुळे जगाच्या मत्स्यशास्त्रात गेली. ह्याच साइक्स यांनी १८५१ साली दख्खनमधील एका अश्मीभूत माशाची माहिती लंडनच्या भूशास्त्र संस्थेपुढे मांडली व त्याचे वर्णन सर फिलिप एगर्टन यांनी केले. तो मासा म्हणजे लेपिडोटस डेक्कनेन्सिस होय. तो आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंच्याजवळ प्राणहिता नदीच्या काठी असलेल्या कोटा गावच्या चुनखडकातील आहे. हा चुनखडक लाव्हारसाहून पुष्कळ जुना, म्हणजे जुरासिक काळातील, सुमारे १७-१८ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. ह्या माशाची शल्के, म्हणजे खवले, जाड, चौकटीच्या आकाराची आणि दंतवल्कासारख्या चकाकत्या थराने मढविलेली होती. म्हणूनच ती इतका काळ टिकली.

दुसरे स्थळ चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळचे डोंगरगाव. येथील लॅमेटा मालेचे थर लाव्हारसाच्या लगेच पूर्वीचे मानले जातात. नागपूरचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विदर्भातील जीवाश्मांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. पुढे १९०८ साली आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी डोंगरगावच्या माशांचे वर्णन केले. त्यात तीन नावे महत्त्वाची आहेत : लेपिडॉस्टियस इंडिकस, पिक्नोडस लॅमेटी आणि हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ नाव दिलेला इओसेरॅनस हिस्लोपी.

ह्या तीन नावांनी एक पेच उभा केला. लेपिडॉस्टियस हा गार माशांच्या कुळातला. ह्या कुळातील मासे आज उत्तर व मध्य अमेरिका आणि क्यूबा एवढ्याच प्रदेशांत उरले असून ते प्रामुख्याने गोड्या पाण्यात राहतात. पिक्नोडस ज्या कुळातला, त्या कुळाचे बहुसंख्य जीवाश्म समुद्री थरांत सापडतात. मग डोंगरगावचे पाणी गोडे होते की खारे? कोणत्याही आधुनिक किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या ह्या गावापर्यंत एके काळी समुद्र आला होता काय?

ह्याच्या उलट टोकाचे उदाहरण मुंबईचे आहे. वरळी येथे लाव्हारसाच्या दोन थरांच्या मध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकात, ज्याला अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात, लहान बेडकांचे सांगाडे सापडले व रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन केले. त्याच परिसरातून गोड्या पाण्यातील कासवाचे अवशेषही मिळाले. म्हणजे आज जेथे समुद्राच्या लाटा आपटतात तेथे तळ्यातील बेडूक, आणि जेथून समुद्र कोसोगणती दूर तेथे समुद्री कुळातील मासा! प्राचीन काळचा भूगोल आजच्या नकाशावरून ताडता येत नाही, एवढे तरी ह्यावरून निश्चित होते.

प्रवाहातील माशांचा अभ्यास

सुंदरलाल होरा यांचा जन्म १८९६ साली पंजाबातील हाफिजाबाद येथे झाला. लाहोरच्या महाविद्यालयात असताना १९१९ साली भारतीय प्राणि-सर्वेक्षणाचे प्रमुख डॉ. नेल्सन अ‍ॅनन्डेल यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि त्यातून ते कलकत्त्यास सर्वेक्षणात दाखल झाले. १९२० साली त्यांनी मणिपूरमधील माशांचा अभ्यास केला. डोंगराळ प्रदेशातील वेगवान प्रवाह त्यांनी प्रथम जवळून पाहिले ते ह्या काळात, आणि पुढील आयुष्याचा विषय त्यांना येथेच सापडला असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच सुमारास सह्याद्रीतील एक मासा त्यांच्या अभ्यासात आला. खंडाळ्याच्या ओढ्यांतील एका लहान माशाचे वर्णन अ‍ॅनन्डेल यांनी १९१९ साली केले होते. त्याची शरीररचना बारकाईने तपासून होरा यांनी १९२१ साली त्याच्यासाठी पॅराप्सिलोऱ्हिंकस हे नवे प्रजातिनाम स्थापिले. खंडाळा आणि सिद्धगड ही दोन्ही स्थळे सह्याद्रीच्या एकाच धारेवर आहेत. तेव्हा आपल्या परिसराच्या दृष्टीने हा अभ्यास दूरचा नव्हे. पुण्याच्या मुळा-मुठेतील ग्लिप्टोथोरॅक्स पूनेन्सिस ह्या माशाचे नामकरणही होरा यांनीच १९३८ साली केले.

वेगवान प्रवाहात मासा टिकतो कसा, ह्याचे विवेचन त्यांनी १९२२ सालच्या एका प्रबंधात आणि त्यानंतर लंडनच्या रॉयल सोसायटीने १९३० साली प्रसिद्ध केलेल्या विस्तृत प्रबंधात केले. त्याचे सार असे सांगता येईल. उसळत्या प्रवाहातही खडकाच्या अगदी पृष्ठालगत पाण्याचा वेग पुष्कळ कमी असतो. जो प्राणी ह्या पातळ थरात मावेल इतका चपटा असेल त्याला प्रवाहाचा पूर्ण मार सोसावा लागत नाही. म्हणून ओढ्यातील माशांचे पोट सपाट झालेले दिसते, छातीचे व पोटाचे पर आडवे पसरलेले असतात आणि तोंड खालच्या बाजूस सरकलेले असते, म्हणजे खडकावरील शेवाळ खरवडताना अंग वर उचलावे लागत नाही. मळ्याच्या ओठामागे एक मांसल चकती असते. तिने तो खडकाला धरून राहतो. ग्लिप्टोथोरॅक्सच्या छातीवरील कातडीला बारीक घड्या पडलेल्या असतात आणि त्यांच्या घर्षणामुळे तो घसरत नाही. दोघांची साधने भिन्न असली तरी प्रयोजन एकच आहे.

होरा यांचे वैशिष्ट्य हे की, माशाचे वर्णन करताना त्यांनी त्याला त्याच्या पाण्यापासून वेगळे केले नाही. संग्रहालयातील बाटलीत ठेवलेल्या माशाची लांबी-रुंदी मोजणे हे काम पूर्वीच्या अभ्यासकांनी उत्तम प्रकारे केलेच होते. परंतु शरीराचा प्रत्येक अवयव हा त्या प्राण्याने ज्या पाण्यात आयुष्य काढले त्या पाण्याविषयी काही सांगत असतो, ही दृष्टी त्यांनी भारतीय मत्स्यशास्त्रात रुजविली. हीच दृष्टी घेऊन ते पुढे पाषाणातील माशांकडे वळले.

खवल्यांची साक्ष

१९३८ साली होरा यांनी तत्कालीन मध्यप्रांतातील देवथान आणि खेरी येथील अंतरा-ट्रॅपी थरांत सापडलेल्या मत्स्यशल्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. येथे संपूर्ण मासा नव्हता. सुटे खवले तेवढे होते. अशा अवशेषांवरून काही सांगता येते काय, अशी शंका वाचकांस येईल. परंतु खवला ही माशाच्या अंगावरील एक लहानशी नोंदवहीच असते. तो गोल आहे की त्याच्या मागल्या कडेला दाते आहेत, त्याच्या मध्यबिंदूपासून निघणाऱ्या रेषा किती व कोठे आहेत, वाढीची वलये कशी मांडलेली आहेत, ह्यांवरून अनुभवी अभ्यासक माशाचे कूळ बऱ्याच अंशी ओळखू शकतो. मात्र त्यासाठी जिवंत माशांच्या खवल्यांचा मोठा संग्रह आणि तितकाच मोठा अनुभव जवळ असावा लागतो. होरा यांच्यापाशी हे दोन्ही होते.

त्यांनी ओळखलेल्या कुळांत ऑस्टिओग्लॉसिडी, नँडिडी आणि क्लुपिडी ही कुळे होती. ऑस्टिओग्लॉसिडी कुळातील मासे आज दक्षिण अमेरिका, आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलिया ह्या खंडांतील गोड्या पाण्यात आढळतात. महाराष्ट्रातील नद्यांत ते नाहीत. उलटपक्षी, आज आपल्या नद्यांत सर्वत्र ज्यांचे प्राबल्य आहे त्या रोहू, कटला, मळ्या इत्यादींच्या कुळाचा ठसा ह्या खवल्यांत उमटलेला नव्हता. ह्याचा अर्थ असा की, लाव्हारसाच्या काळातील मत्स्यसृष्टी आणि आजची मत्स्यसृष्टी ह्या दोन निरनिराळ्या सृष्टी आहेत. सिद्धगडाच्या प्रश्नाच्या पहिल्या अंगाचे उत्तर येथे मिळते. लाव्हारसाच्या मधल्या तळ्यांत पोहणारे मासे हे आजच्या ओढ्यांतील माशांचे पूर्वज दिसत नाहीत.

समुद्र होता काय?

आता डोंगरगावच्या पेचाकडे पुन्हा वळू. पिक्नोडस समुद्री कुळातला, म्हणून तेथे समुद्र होता, हे अनुमान सहज सुचते. परंतु ते पुरेसे नाही. क्लुपिडी कुळाचेच उदाहरण घ्यावे. ह्या कुळातील बहुसंख्य मासे समुद्रात राहतात. तरी ज्याला आपल्या किनाऱ्यावर पाला आणि बंगालमध्ये इलिश म्हणतात तो मासा अंडी घालण्यासाठी नदीत दूरवर चढतो. होरा हे १९४२ पासून काही वर्षे बंगालच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक होते आणि इलिश हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. हजारो वर्षांनंतर एखाद्या नदीच्या गाळात ह्या माशाची हाडे सापडली आणि एखाद्याने त्यावरून तेथे समुद्र असल्याचे ठरविले, तर तो निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा ठरेल.

ह्याहूनही बोलके उदाहरण सीलॅकँथ ह्या माशाचे आहे. हे कूळ क्रिटेशस काळाच्या अखेरीस नामशेष झाले अशी समजूत होती. डिसेंबर १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ईस्ट लंडन येथील संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांना मासेमारी जहाजाने आणलेल्या माशांत एक अपरिचित मासा दिसला, प्रा. जे. एल. बी. स्मिथ यांनी तो सीलॅकँथ असल्याचे ओळखून १९३९ साली त्याला लॅटिमेरिया हे नाव दिले. दुसरा नमुना १९५२ साली कोमोरो बेटांजवळ मिळाला. आजचा सीलॅकँथ खोल समुद्रातील कड्यांच्या कपारींत राहतो. परंतु ह्याच वंशातील एका माशाचे वर्णन भारतीय सांख्यिकी संस्थेतील डॉ. सोहनलाल जैन यांनी १९७४ साली इंडोसीलॅकँथस रोबस्टस ह्या नावाने केले, तो मिळाला कोटा येथील चुनखडकात. आणि त्या चुनखडकातील शिंपाधारी सूक्ष्म कवचप्राणी गोड्या पाण्यातील असल्याचे १९७५ साली दाखविण्यात आले. ज्या वंशाचा आजचा प्रतिनिधी केवळ खोल समुद्रात सापडतो त्याचा प्राचीन भाऊबंद तळ्यात राहत होता. कुळाच्या नावावरून पाण्याचा निवाडा करू नये, हा धडा ह्याहून स्पष्ट मिळणे कठीण.

मग निवाडा कशाने करावा? एकट्या माशाने तो होत नाही. त्याच्याबरोबर कोण सापडले आणि ज्या खडकात तो सापडला तो कसा बनला, ह्याची साक्ष घ्यावी लागते. नर्मदेच्या खोऱ्यात बाघ येथील थरांत अमोनाइटांसारखे निखालस समुद्री प्राणी आहेत. तेथे सुमारे ९ ते १० कोटी वर्षांपूर्वी समुद्र आला होता ह्याविषयी वाद नाही. डोंगरगावी मात्र माशांच्या जोडीला प्रचंड वनस्पत्याहारी डायनोसॉरांचे अवशेष आहेत. तेथील एका सांगाड्याचे वर्णन जैन आणि बंदोपाध्याय यांनी १९९७ साली केले. लॅमेटा मालेविषयी दीर्घ काळ दोन पक्ष होते. जबलपूरकडील थर भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावरील आहेत असे एक पक्ष म्हणे. नद्यांची मैदाने आणि कोरड्या हवामानात तयार झालेली प्राचीन माती अशी दुसऱ्या पक्षाची मांडणी होती. १९८७ साली ब्रुकफील्ड आणि साहनी यांनी ह्या दुसऱ्या पक्षाला भक्कम आधार दिला आणि आज बहुतेक अभ्यासक त्या बाजूचे आहेत. परंतु प्रश्न पूर्णपणे मिटलेला नाही. चंद्रपूरच्या शेजारी तेलंगणात, आसिफाबादच्या अंतरा-ट्रॅपी थरांतून पाकट माशांचे दात प्रसाद आणि कॅपेटा यांनी १९९३ साली वर्णिले. आणि छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथून समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म फोरॅमिनिफेरांची नोंद २००९ साली झाली. गोदावरी किंवा नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्राचा एखादा फाटा काही काळ आत शिरला असावा, असे मत त्यामुळे पुन्हा पुढे आले आहे. दातांतील आणि हाडांतील ऑक्सिजन व स्ट्रॉन्शियम ह्यांच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजून प्राणी कोणत्या पाण्यात वाढला हे तपासण्याची पद्धतीही आता उपलब्ध झाली आहे. होरा यांच्या काळी ती नव्हती. परंतु शरीरच पाण्याची साक्ष देते हे त्यांचे सूत्र तिच्याही मुळाशी आहे.

सातपुडा-उपपत्ती

सिद्धगडाच्या प्रश्नाचे दुसरे अंग उरले. लाव्हारसानंतर मासे आले कोठून? होरा यांना एक विलक्षण गोष्ट आढळली होती. पश्चिम घाटातील, विशेषतः दक्षिणेकडील, ओढ्यांतले काही मासे मधल्या गंगेच्या मैदानातील किंवा दख्खनच्या पठारावरील माशांचे जवळचे नातलग दिसत नाहीत. त्यांचे नाते पूर्व हिमालय, आसाम, ब्रह्मदेश आणि मलाया येथील ओढ्यांतील माशांशी जुळते. बालिटोरा ह्या प्रजातीचे वितरण असेच तुटक आहे. डोंगरी ओढ्याचा मासा मैदानातील संथ, गढूळ नदीतून प्रवास करणे कठीण. मग तो दोन हजार किलोमीटर ओलांडून आला कसा?

ह्यावर त्यांनी १९३७ पासून लेखन केले, १९४४ साली गारो आणि राजमहाल ह्या टेकड्यांमधील खिंडीच्या वयाची चर्चा केली, आणि १९४९ साली 'सातपुडा-उपपत्ती' ह्या नावाने आपली मांडणी पूर्ण केली. तिचा आशय असा. आज जेथे गंगा-ब्रह्मपुत्रेचे मैदान गारो व राजमहाल टेकड्यांना वेगळे करते तेथे एके काळी डोंगरांची सलगता होती. हवामान अधिक आर्द्र असताना आसामपासून राजमहाल, विंध्य आणि सातपुडा ह्या मार्गाने डोंगरी ओढ्यांची एक साखळी अस्तित्वात होती. एका ओढ्याचे उगमस्थान दुसऱ्या ओढ्याने झिजवून आपल्याकडे वळविले की त्यातील मासेही त्या खोऱ्यात जातात; अशा टप्प्याटप्प्याने मासे सातपुड्याच्या पश्चिम टोकास पोचले व तेथून सह्याद्रीच्या रांगेत दक्षिणेकडे उतरले. ही उपपत्ती खरी असेल तर सह्याद्रीच्या उत्तर भागातील ओढे, आणि म्हणून सिद्धगडाचा परिसरही, ह्या स्थलांतराच्या प्रत्यक्ष वाटेवर येतो.

ह्या मांडणीने भारतातील प्राणिभूगोलाच्या अभ्यासाला मोठीच चालना दिली. ई. जी. सायलस यांनी १९५२ साली तिला पूरक विवेचन केले. पक्षी, वनस्पती आणि इतर प्राणी ह्यांच्या तुटक वितरणाचाही ह्याच दृष्टीने विचार होऊ लागला.

आक्षेपही थोडे नव्हते. पहिला व सर्वांत गंभीर आक्षेप होरा यांच्याच आधीच्या संशोधनातून निघतो. वेगवान प्रवाहात राहणाऱ्या भिन्न कुळांतील माशांच्या अंगी सारखीच साधने स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकतात. तसे असेल तर शरीराचे साम्य हा रक्ताच्या नात्याचा निर्णायक पुरावा ठरत नाही. होरा यांचे शिष्य ए. जी. के. मेनन यांच्यासह पुढील अभ्यासकांनी ह्या साम्यांची फेरतपासणी केली. दुसरा आक्षेप असा की, हा प्रवास भूशास्त्रीय मानाने अगदी अलीकडचा, हिमयुगांच्या काळातील मानला, तर पश्चिम घाटातील इतक्या वेगळ्या झालेल्या जातींना वेगळे होण्यास वेळ पुरत नाही. तिसरा असा की, ज्या सातपुड्याच्या मार्गाने ही मिरवणूक गेली म्हणावे तेथे वाटेत मागे राहिलेले प्रवासी फारसे आढळत नाहीत. जनुकांच्या तुलनेवर आधारलेल्या अलीकडील अभ्यासांवरून असे दिसते की, निरनिराळे प्राणिगट निरनिराळ्या काळी आणि निरनिराळ्या मार्गांनी आले असावेत. काहींचा वंश तर भारतीय भूखंड आशियाला जोडला जाण्यापूर्वीचा असावा. एकच वाट आणि एकच काळ सर्वांना लागू पडेल अशी अपेक्षा आता कोणी करीत नाही.

मग होरा यांची उपपत्ती टाकाऊ ठरली काय? शास्त्रात उपपत्तीचे मोल तिच्या अखेरच्या निकालावरून ठरत नाही. तिने कोणते प्रश्न तपासण्याजोगे केले, ह्यावरून ते ठरते. 'ओढ्यातील मासे आहेत तसे आहेत' ह्यापलीकडे ज्यांचा विचार होत नव्हता, त्यांच्या वितरणाला इतिहास आहे आणि तो पुराव्याने तपासता येतो, हे होरा यांनी दाखविले. त्यांना खोडून काढणाऱ्यांनीही त्यांनीच आखलेल्या मार्गाने काम केले आहे.

ग्रंथांतील मासे

१९४७ साली होरा भारतीय प्राणि-सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. ह्या जबाबदारीच्या काळातही त्यांनी एक वेगळाच अभ्यास हाती घेतला. प्राचीन भारतीयांच्या मत्स्यविषयक ज्ञानावर त्यांनी १९४८ पासून एक लेखमाला प्रसिद्ध केली. कौटिल्याचे अर्थशास्त्र, अशोकाचा पाचवा स्तंभलेख, सूत्रे व स्मृती आणि कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास' हे त्यांचे आधारग्रंथ होते. मानसोल्लासात मत्स्यविनोद, म्हणजे गळाने मासे धरण्याची कला, ह्यावर स्वतंत्र प्रकरण आहे व त्यात माशांच्या जाती, त्यांचे खाद्य आणि वसतिस्थान यांची माहिती आहे. अशोकाच्या लेखात ज्यांची हत्या वर्ज्य सांगितली त्या प्राण्यांत काही मासे आहेत. त्यांची आजच्या जातींशी ओळख पटविण्याचा प्रयत्न होरा यांनी केला. बाराव्या शतकातील नद्यांत कोणते मासे होते हे कळले तर आज त्यांतले कोणते उरले आहेत हे ताडता येते. म्हणून हा अभ्यास केवळ कुतूहलाचा म्हणता येत नाही. ८ डिसेंबर १९५५ रोजी होरा यांचे निधन झाले.

आपल्या ओढ्यांचे काय?

होरा यांच्या कार्याचा बोध आपल्या परिसरापुरता असा आहे. सिद्धगडाच्या काळ्या पाषाणात मासा शोधावयास जाऊ नये. घट्ट लाव्हारसात तो टिकत नाही. शोध घ्यावयाचा तो दोन थरांच्या मधल्या गाळाच्या खडकाचा, आणि तो सह्याद्रीच्या ह्या भागात विरळा. येथील खरा दप्तरखाना पाण्यात आहे. प्रत्येक ओढ्यातील मासा हा एका प्रदीर्घ प्रवासाचा आजवर टिकलेला दस्तऐवज आहे. आणि तो पाषाणातील माशासारखा चिरस्थायी नाही. ओढा अडवून त्याचे तळे झाले की वेगवान प्रवाह नाहीसा होतो व खडकाला धरून राहण्यासाठी ज्याचे शरीर घडले त्या माशाला जागा उरत नाही. उतारावरील झाडी गेली की गाळ येऊन खडकावरील शेवाळ झाकले जाते. बाहेरून आणून सोडलेल्या जाती आपल्याबरोबर नवी स्पर्धा आणतात. मुरबाड तालुक्यातील बारवी नदीवरील धरणासारखी धरणे शहरांना आवश्यक आहेत हे मान्य करूनही, पाणी अडविण्यापूर्वी त्या प्रवाहात कोण राहत होते ह्याची नोंद व्हावी एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. गडाचा परिसर भीमाशंकर अभयारण्यात मोडतो. १९८५ साली स्थापन झालेले हे अभयारण्य शेकरूसाठी प्रसिद्ध आहे; शेकरूच्या झाडाखालून वाहणाऱ्या पाण्याकडेही तितकेच लक्ष जावयास हवे.

जे विद्यार्थी ह्या विषयाकडे वळू इच्छितात त्यांनी वन खात्याची रीतसर परवानगी घेऊन प्रथम निरीक्षणास आरंभ करावा. ओढ्याचे नाव, गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, महिना, पाण्याचा वेग, तळ खडकाळ की वाळूचा, मासा खडकाच्या वर होता की खाली, आणि तेथील ठाकर, महादेव कोळी व इतर रहिवासी त्याला काय म्हणतात, हे सर्व जागेवरच लिहून ठेवावे. साइक्स यांनी लोकांची नावे टिपली म्हणून १८३९ सालचे त्यांचे लेखन आजही उपयोगी पडते. धारेच्या दोन्ही अंगांच्या ओढ्यांची अशी तुलना झाली, तर उल्हासच्या आणि भीमेच्या पाण्याचा पूर्वी कधी संबंध आला होता काय ह्या प्रश्नाला हात घालता येईल. गडाच्या परिसरातच मच्छिंद्रगड आहे. त्याच्या नावातील मासा नाथपंथाच्या परंपरेतून आलेला असून त्याचा प्राणिशास्त्राशी संबंध नाही. तथापि त्याच डोंगरांच्या पायथ्याशी वाहणाऱ्या ओढ्यांत जो खराखुरा मासा आहे त्याचा इतिहास अद्याप पुरता लिहिला गेलेला नाही. तो मासा पाण्यात आहे तोवरच ते काम होणे शक्य आहे.